माडीवरच्या बाईचा बोलपट

गुरुवारी दुपारी छपाईसाठी पानांचा फर्मा आवळायची वेळ झाली की ‘लोकघंटा’ साप्ताहिकाच्या तिसऱ्या पानावर हमखास भोक पडायचं. सोलापुरात बातम्यांची वानवा होती असं नव्हे. गिरण्या होत्या, संप होते, नगरपालिका होती. पण त्यांतल्या निम्म्या बातम्या सरकारला आवडत नसत आणि उरलेल्या निम्म्या मालक गुरुबसप्पांच्या जाहिरातदारांना. जे उरे ते छापून झालं की पानाच्या तळाशी चार बोटं जागा मोकळी राही, आणि छापखान्यात खिळे जुळवणारा चांदसाब हातातली पट्टी लाकडावर आपटून ओरडे, “रामहरीराव, सात ओळी पायजे! जल्दी!”

रामहरी सात ओळी देई. तो ‘लोकघंटा’चा उपसंपादक होता. प्रुफं तोच तपासायचा, वर्गणीदारांचे पत्तेही तोच लिहायचा, आणि भोकं भरायचं खातंही त्याच्याकडेच होतं. त्याचे नियम ठरलेले होते. गाव दूरचं, नाव कुणाचंच नाही, आणि घटना अशी की वाचणाऱ्याने ‘काय एकेक’ म्हणून पान उलटावं. कुर्डुवाडीकडे शेळीला पाच पायांचं करडू झालं, अकलूजजवळ एका म्हाताऱ्याला नवे दात फुटले. ते करडू आणि ते दात, दोन्ही रामहरीच्या टेबलावर जन्मले होते. खरं छापल्याबद्दल ‘लोकघंटा’ला सरकारदरबारी दोनदा जाब द्यावा लागला होता. खोटं छापल्याबद्दल एकदाही नाही.

होळीनंतरच्या अंकात त्याने अशाच काही ओळी दिल्या:

‘मंगळवेढ्याकडील एका गावी एका बड्या इसमाने आपल्या विधवा भावजयीस वेड लागले असे उठवून तीस माडीवर कोंडून ठेविले असल्याचे समजते. बाई शहाणी असून दत्तक घेण्याच्या विचारात होती. वेडीने घेतलेला दत्तक कायद्याने टिकत नाही, हे सूज्ञ वाचकांस सांगणे नलगे.’

शेवटच्या वाक्यावर तो विशेष खूश होता. त्या वाक्याने एक आख्खी ओळ भरली होती.

पुढच्या आठवड्यात कोल्हापूरहून हुदलीकर नावाचे गृहस्थ येऊन थडकले. डोक्याला हॅट, खांद्याला तिपाईसकट कॅमेरा, आणि काखेत वर्तमानपत्रांचा भारा. ते ‘मयूरध्वज सिनेटोन’ या कंपनीत गोष्टी शोधायचं काम करत.

“पुराणं संपली हो,” खुर्चीत बसता बसता ते म्हणाले. “बोलपट निघाल्यापासून सगळे देव एकदा बोलून झाले. आता लोकांना आपल्या शेजारच्या घरात काय चाललंय ते हवंय. मी रोज पंधरा-वीस पेपर वाचतो. पहिलं पान वाचतच नाही. गोष्ट नेहमी तिसऱ्या पानाच्या तळाशी असते.”

“असते खरी,” रामहरी म्हणाला.

“ही तुमची माडीवरची बाई. गोष्ट तुम्हीच लिहायची, पडद्यावरच्या पाटीवर तुमचं नाव. फक्त एक अट. जाहिरातीत आम्ही छापणार, ‘प्रत्यक्ष घडलेली हकीकत’. घडलेली आहे ना?”

पंधरा वर्षं रामहरीचं नाव कुठे छापून आलेलं नव्हतं. बोलपटाच्या पाटीवर ते हातभर लांबीचं दिसलं असतं.

“घडलेली म्हणजे काय,” तो म्हणाला, “अजून घडतेच आहे.”

हुदलीकरांनी टाळी वाजवली. जेवून येतो, मग सबंध गोष्ट ऐकवा, असं सांगून ते समोरच्या खाणावळीत गेले. बोलपटवाल्यांची ही रीतच. कागदावरची गोष्ट कुणी वाचत नाही. लेखकाने समोर उभं राहून ती करून दाखवायची. रडायच्या ठिकाणी रडायचं आणि घोडा आला तर टापासुद्धा वाजवायच्या. रामहरी मनातल्या मनात दुसरं रीळ जुळवत होता, तेवढ्यात खाली मोटार थांबल्याचा आवाज आला.

वर आलेल्या माणसाच्या डोक्याला जरीचा पटका होता. अंगाने तो आडवा, पायाने हलका. जिना लाकडी असूनही पावलं वाजली नव्हती. त्याने ‘लोकघंटा’चा अंक टेबलावर ठेवला, तिसरं पान वर करून.

“म्या हिंदुराव पाटील. मंगळवेढ्याच्या अल्याडचा. ह्ये तुमी लिवलं का, मास्तर?”

“हो. का बरं?”

“ब्येस लिवलंय.” हिंदुराव बसला. “कुनी सांगितलं?”

रामहरीला आधी वाटलं, वाचकाची चौकशी आहे. मग त्याने त्या माणसाचे हात पाहिले. ते गुडघ्यांवर उपडे ठेवलेले होते आणि अजिबात हलत नव्हते.

“कुणी नाही, पाटील. मी रचलं ते. पानात जागा उरली होती.”

“जागा उरली व्हती.”

“शपथेवर सांगतो.”

“माडीबी रचली?”

“हो.”

“भावजयबी? दत्तकबी?” हिंदुराव हसला. हसणं चांगलं होतं, घरच्यासारखं. “मास्तर, तुमी आमचं घर न बगताच आमची माडी रचली. द्येवमानूस हायसा. पर आमाला म्हाईत हाय. वर जेवान घिऊन येकटी दगडाबाई जाती. आज सांजच्याला तिलाच इचारतो.”

आयुष्यात पहिल्यांदाच रामहरी एखाद्या बातमीबद्दल खरं बोलला होता, आणि त्या खऱ्याला गिऱ्हाईक नव्हतं.

“पाटील, त्या दगडाबाईला मी ओळखतसुद्धा नाही...”

“न्हाय वळखत. बरूबर हाय.” हिंदुरावाने अंकाची घडी घातली. “आन म्हाळसावैनीचंबी काय खरं न्हाय आता. खात न्हाईत, पीत न्हाईत. असली मान्सं लई दिस काडत न्हाईत. एकदा त्या गेल्या म्हंजी पेपरात काय बी छापा.”

हे त्याने इतक्या मायेने सांगितलं, की रामहरीला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्याने खिडकीची चौकट धरली. दत्तक घेण्याआधी ती बाई मेली की तिच्या नवऱ्याची जमीन या माणसाच्या घरात आपोआप येणार होती. वेडाची बतावणी आता पेपरात फुटली होती. उरला होता तो एकच मार्ग, आणि तो या माणसाला दिसला होता. दाखवला कुणी? तिसऱ्या पानाने.

“जमलं का दुसरं रीळ?” हुदलीकर विडा चघळत आत आले. “हे कोण?”

“हे... आमचे वाचक,” रामहरी म्हणाला.

“वाचक! म्हणजे प्रेक्षकच!” हुदलीकरांनी हिंदुरावाला वाकून नमस्कार केला. “बसा, बसा. तुमच्यासारख्या माणसाला गोष्ट पटली की समजायचं, पडदा फाडून चालणार. आम्ही हिच्यावर बोलपट काढतोय, राव. त्या माडीवरच्या बाईवर.”

उठू लागलेला हिंदुराव पुन्हा बसला. “आसं? ऐकू की मंग.”

रामहरी भिंतीला पाठ लावून उभा राहिला. गोष्ट सांगायला त्याला आजवर कधी भीती वाटली नव्हती. इथे एक ऐकणारा गोष्ट विकत घ्यायला बसला होता आणि दुसरा ती करायला.

“एक... एक घर आहे,” तो म्हणाला. “दोन भाऊ वाटणी करून वेगळे झालेले. थोरला वारतो. त्याच्या बायकोला मूलबाळ नाही. तिला वाटतं, नवऱ्याचं नाव चालावं. दत्तक घ्यावा.”

“गाणं!” हुदलीकरांनी बोट वर केलं. “रिकामा पाळणा. पुढे?”

“धाकटा म्हणतो, वहिनीला वेड लागलं. कोंडून ठेवतो.”

“आन त्या रावजीचं काय करनार तुमच्या गोष्टीत?” हिंदुरावाने विचारलं.

“कोण रावजी?” हुदलीकर वळले.

खाली चांदसाबची पट्टी वाजत होती.

“रावजी म्हंजी आपलं... आसतोच की कुनीतरी,” हिंदुराव म्हणाला. “भावकीतला. ज्याचं पोरगं ती घेनार.”

“वा! दत्तक म्हटलं की मूल देणारा हवाच! रामहरीराव, हे तुमच्या ध्यानातच नव्हतं. शिका, प्रेक्षकांकडून शिका.” हुदलीकरांनी खुर्ची पुढे ओढली. “आता मला सांगा, तिसऱ्या रिळात काय? बातमी फुटली. धाकटा खवळला. मी सांगतो, विष! दुधातून!”

“दुदातनं?” हिंदुराव पुढे झुकला. “मंग डागदरला कळत न्हाय व्हय?”

“बोलपटात डॉक्टर असतोच कुठे, राव!”

“विष नको!” रामहरी इतक्या जोरात ओरडला, की खाली पट्टी थांबली. “सेन्सॉर... सेन्सॉर कापेल.”

“हं. बरं, मग विहीर. पाय घसरून.”

“विहीर गेल्या वर्षी तीन चित्रांत झाली. लोक हसतात आता.”

“मग माडीला आग?”

“हुदलीकरसाहेब, तो तिला मारूच शकत नाही!” रामहरी घाईने म्हणाला. तो बोलत हुदलीकरांशी होता आणि पाहत हिंदुरावाकडे. “बातमी छापून आली ना! आता बाई दगावली की जिल्ह्यातला वाचणारा जो तो म्हणणार, हिला मारली. तो अडकलाय. तिला जिवंत ठेवण्यातच त्याचा बचाव आहे.”

हिंदुरावाचा चेहरा किंचित बदलला. रामहरीला धीर आला.

“छे!” हुदलीकर म्हणाले. “हे पटत नाही. ‘लोकघंटा’ वाचतं कोण?”

“व्हय की,” हिंदुराव म्हणाला. “कोन वाचतंय?”

रामहरी विषाला नव्हे, त्या एका प्रश्नाला घाबरला. कारण उत्तर त्याला ठाऊक होतं. पत्ते तोच लिहीत होता.

“पण बोलपट?” तो कसाबसा म्हणाला. “बोलपट तर सगळेच बघतील. मंगळवेढ्याच्या बाजारात तंबू लागेल. ज्याला अक्षर येत नाही तोही बघेल. ती माडी, ती खिडकी... लोक ओळखतील.”

हिंदुराव आता हुदलीकरांकडे बघत होता. “ह्यो शिनेमा निघनारच का?”

“निघणारच! फक्त तशी माडी सापडायला हवी. तुम्ही त्याच बाजूचे दिसता. खाली मोटार उभी आहे ती तुमचीच ना? मग प्रश्नच मिटला! आज दाखवा आम्हाला पाच-दहा घरं. फोटो काढतो, मालकांना दाखवतो.”

हिंदुरावाने हातातली अंकाची घडी उलगडली आणि पुन्हा घातली. नाही म्हणावं तर हा हॅटवाला उद्या एकटा हिंडून घरोघर विचारत बसेल. होय म्हणावं तर निदान कुठलं घर दाखवायचं ते आपल्या हातात राहील. हा सगळा हिशेब रामहरीने त्याच्या कपाळावर वाचला. प्रुफं वाचायची सवय होती.

“चला की,” हिंदुराव म्हणाला. “दावतो.” मग रामहरीकडे वळून हळूच, “तुमी ऱ्हावा, मास्तर. तुमाला कामं असत्याल.”

ही सुटका होती. रामहरीने जिन्याकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं, तिसऱ्या पानाच्या ओल्या प्रुफाकडे पाहिलं. मग खुंटीवरची टोपी काढली.

“रामहरीराव!” जिन्यावर चांदसाब आडवा आला. “पान बांधायचंय. सात ओळी?”

“आज भोक राहू दे.”

पंचवीस वर्षं खिळे जुळवणारा चांदसाब कुणीतरी गेल्यासारखा भिंतीला टेकला.

मोटार पाटलाचा ड्रायव्हर कल्लप्पा चालवत होता. त्याच्या शेजारी कॅमेरा मांडीवर घेऊन हुदलीकर, मागे रामहरी आणि हिंदुराव. शहरातल्या गिरण्यांची शेवटची चिमणी मागे पडली तसा हिंदुराव सैल झाला. पानाचा डबा उघडून त्याने रामहरीपुढे धरला.

“घ्या. सोलापुरात पोलीस हायत, कचेऱ्या हायत. आमच्याकडं तसलं काय न्हाय. पोलीसपाटील म्याच, आन कचेरीबी म्याच.”

रामहरीने पान घेतलं नाही. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्वारीची रानं कापून मोकळी झालेली, मधेच कडब्याच्या गंजी. पुढे हुदलीकर खोदून खोदून विचारत होते, बाईचं वय किती दाखवावं, आणि खलनायकाला मिशा असाव्यात की नसाव्यात.

“आसाव्यात,” मिशीवरून हात फिरवत हिंदुराव म्हणाला.

भीमेला पाणी थोडं होतं, पण वाळू फार. वाळूवर ज्वारीची चिपाडं अंथरून गाड्यांसाठी वाट केलेली होती. तिच्या मध्यावर मोटारीचं मागचं चाक रुतलं. पलीकडच्या काठावर वाळूत कलिंगडं लावणारी माणसं होती. कल्लप्पाने हाक मारल्यावर ती ढकलायला आली. रामहरीही उतरला आणि मागे जाऊन त्यांच्या खांद्याला खांदा लावून ढकलू लागला.

त्याच्याकडे आता फर्मा नव्हता, सात ओळींची मर्यादा नव्हती, आणि वेळही नव्हता.

“तुम्हाला ठाऊक नाही होय?” शेजारच्या माणसाच्या कानाशी तो म्हणाला. “आज पाटलांच्या घरापुढं सिनेमा काढणार आहेत. कोल्हापूरहून साहेब आलाय. गावातल्या सगळ्यांना फोटोत घेणार.”

“समद्यांस्नी?”

“बायका-पोरांसकट. जो हजर तो फोटोत.”

त्या माणसाने मोटार सोडली. वाळूत उभ्या केलेल्या आपल्या सायकलकडे तो पळाला, आणि रुतलेलं चाक वर यायच्या आत काठावरच्या बाभळींत दिसेनासा झाला. आतापर्यंत रामहरीने रचलेल्या बातम्यांत संध्याकाळच्या आत खरी ठरण्याची शक्यता असलेली ही पहिलीच.

हिंदुरावाने आधी नदीकाठचं एक घर दाखवलं. मग वाटेवरच्या वस्तीवरचं दुसरं. हुदलीकरांना दोन्ही पसंत पडली नाहीत. एकाला माडी नव्हती आणि दुसऱ्याला छप्पर.

“आता गावातलं तुमचंच दाखवा की,” हुदलीकर म्हणाले. “तुमच्यासारख्याचं घर दुमजली असणारच.”

“हाय. पर साधंच.”

“साधंच हवं.”

मोटार गावात शिरली तेव्हा खळ्यांवर माणूस नव्हता. मळणीचे बैल मधल्या तिवड्याच्या खांबाला बांधलेले तसेच उभे होते. सगळं गाव पाटलाच्या घरापुढच्या पटांगणात जमलं होतं. बायका ओट्याच्या कडेने पदर सारखे करत, म्हातारे काठ्या टेकून, पोरं कडुनिंबावर.

हिंदुरावाची बोटं रामहरीच्या मनगटावर आवळली. “ह्ये कुनाचं काम?”

“बातमी फुटते, पाटील,” रामहरी म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. “आमच्या धंद्यात चालायचंच.”

हुदलीकर मोटारीच्या पायरीवर उभे राहिले होते. “एवढी माणसं! आणि फुकट!” मग त्यांची नजर वर गेली. माडीच्या खिडकीच्या झडपा भर उन्हात घट्ट मिटलेल्या होत्या. “हीच! रामहरीराव, हीच माडी! कोंडून ठेवायला यापेक्षा चांगली जागा बांधूनसुद्धा मिळायची नाही!”

“वर जुंधळ्याची पोती हायत,” हिंदुराव म्हणाला. “खिडकी उघडत न्हाय.”

“पोती काढू!”

“आज न्हाय.”

रामहरी ओट्यावर चढला. पुढे काय करायचं त्याला ठाऊक नव्हतं. त्याला फक्त एवढंच कळत होतं, की ही गर्दी पांगली आणि मोटार परत फिरली की रात्र पाटलाची.

“मंडळी,” तो म्हणाला, “फोटो काढायच्या आधी गोष्ट सांगतो. म्हणजे कुणी काय करायचं ते कळेल.”

त्याने गोष्ट सांगायला सुरुवात केली. थोरला वारला. धाकटा राहिला. भावजयीच्या मनात दत्तक घ्यायचं आलं. गोष्ट ऐकताना माणसं खोकतात, पोरांना दटावतात, शेजाऱ्याला कोपरखळी मारतात. इथे कुणी हललंसुद्धा नाही. सगळ्यांना गोष्ट आधीच पाठ होती, आणि ती मोठ्याने सांगायची पाळी पहिल्यांदाच कुणावर तरी आली होती. ओट्याच्या टोकाला एक म्हातारी तोंडात पदराचा बोळा धरून उभी होती. दगडाबाई हीच असणार, हे रामहरीने न विचारता ओळखलं.

“तर धाकट्याचं काम कोण करणार ते नंतर बघू,” तो म्हणाला. “आधी सांगा, भावजयीचं काम कोण करणार?”

बायकांनी खाली पाहिलं.

वर झडप हलली. आतून कुणीतरी ती ठोकत होतं. धडका नव्हत्या, दार वाजवावं तसं ठोकणं.

“म्या करते,” माडीवरून आवाज आला.

पटांगणातली सगळी डोकी आधी वर गेली आणि मग हिंदुरावाकडे वळली. एका आरोळीत त्याने हे गाव खळ्यांवर पळवलं असतं. पण आरोळी का मारली, हा विषय मग गावाला वर्षभर पुरला असता. हॅटवाला बघत होता. तिपाई उभी राहिली होती. हिंदुराव हसला.

“वैनीला लई हौस!” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला आणि कमरेची किल्ली काढली. “येऊ द्या की. बरं नसतं त्यास्नी, तेवडाच जिवाला इरंगुळा. फोटू काडला की परत वर निजत्याल.” आत जाऊन जिन्याशी वर पाहत त्याने खालच्या आवाजात बजावलेलं रामहरीने ऐकलं: “वैनी, फोटूत बोलायचं नसतंय.”

“बोलपटात बोलतात!” हुदलीकर बाहेरून ओरडले.

म्हाळसाबाई भिंतीला हात लावत बाहेर आल्या. डोक्यावरून पदर, हातापायांच्या काटक्या झालेल्या. उन्हामुळे त्यांनी डोळे मिटले आणि तशाच थोडा वेळ उभ्या राहिल्या. हुदलीकर काळ्या फडक्यातून डोकं बाहेर काढून बघत होते.

“वेडी वाटत नाहीत. केस मोकळे सोडाल का, बाई?”

“येडी न्हाय म्या,” म्हाळसाबाई म्हणाल्या. वाट विचारणाऱ्याला वाट सांगावी तसं. मग डोळे उघडून त्यांनी गर्दीत शोधलं. खांद्यावर चार वर्षांचं पोर घेतलेला एक किडकिडीत माणूस कडुनिंबाच्या बुंध्याशी उभा होता.

“रावजी,” त्या म्हणाल्या, “बोलला व्हतास. दे.”

त्या तिथेच धुळीत बसल्या आणि ओटी पसरली.

रावजी हलला नाही. हिंदुरावाने त्याचं फक्त नाव घेतलं. “रावजी.”

रावजीने पोराला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. पाटलाच्या विहिरीचं पाणी त्याच्या रानात जात होतं, आणि पाटलाच्याच बांधावरून त्याची वाट होती. रामहरीला वाटलं, गेलं. आता हा मान खाली घालणार, हुदलीकर फोटो घेणार, बाई वर जाणार आणि दाराला पुन्हा कुलूप पडणार.

“द्या की!” बायकांतून आवाज आला. रावजीची बायको पुढे आली होती. पदर डोळ्यांना लावून ती नवऱ्यावर खेकसत होती. “उबं काय ऱ्हायलायसा? माज्या पोटचं, म्या म्हन्ती, द्या!”

रावजीने पोर खांद्यावरून उतरवलं. ते त्याच्या गळ्याला घट्ट बिलगलं होतं. त्याने ते सोडवलं आणि म्हाळसाबाईच्या ओटीत ठेवलं.

“दिला,” तो म्हणाला.

“घेतला,” म्हाळसाबाई म्हणाल्या.

हुदलीकरांच्या कॅमेऱ्याची कळ वाजली.

“ह्ये नाटक हाय!” हिंदुराव ओरडला. आता हसू नव्हतं. “शिनेमातलं हाय! आसला दत्तक कोन धरतंय?”

“आसंल,” म्हाळसाबाई म्हणाल्या. पोर रडायला लागलं होतं, त्याला त्या थोपटत होत्या. “मग ह्या समद्यांस्नी इचारा, भावजी. म्या शानी हाय का येडी.”

मग तोंडातला बोळा काढून दगडाबाई म्हणाली, “शानी हाय. रोज मला इचारती, आज तिथ कोन्ती.”

“शानी हाय,” काठी टेकलेला एक म्हातारा म्हणाला. मग दुसरा. मग बायका, मग झाडावरची पोरंसुद्धा, हिंदुरावाकडे न बघता, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल बोलत असल्यासारखी.

रामहरी ओट्यावर मटकन बसला. मूल बापाने दिलं होतं, आईने ‘द्या’ म्हटलं होतं, बाईने घेतलं होतं, आणि ती शहाणी असल्याचं सबंध गाव बोलून गेलं होतं. जमिनीला वारस झाला होता. आता ही बाई मेली काय आणि जगली काय, हिंदुरावाच्या पदरात काही पडणार नव्हतं. तिला मारण्यात आता कुणाचाच फायदा नव्हता. हे हिंदुरावालाही कळत असल्याचं दिसत होतं. किल्ली हातात तशीच होती.

“जमलं नाही,” हुदलीकर रामहरीच्या कानाशी कुरकुरले. “खलनायक नुसता उभा राहतो. निदान घोड्यावर बसून पळायला तरी हवा. आणि शेवटी गाणं कुठंय?”

माणसं पांगायला लागली. बैलांना कुणीतरी हाका मारत खळ्याकडे गेलं. रावजी बायकोला घेऊन झाडाखालीच बसून राहिला. म्हाळसाबाई उठल्या, रडणाऱ्या पोराला घेऊन दाराशी आल्या, पण आत गेल्या नाहीत. उंबऱ्याला पाठ लावून दाराच्या मधोमध बसल्या. पोर हुंदके देत देत त्यांच्या मांडीवर गप्प झालं.

हिंदुराव दारापर्यंत आला आणि थांबला. इकडून जागा नव्हती, तिकडूनही नव्हती.

“वैनी,” तो म्हणाला, “जरा सरकता का?”

“थांबा, भावजी,” म्हाळसाबाई म्हणाल्या. “पोरगं आत्ताच निजलंय.”

पाटील उन्हात उभा राहिला.